पायातली सारंगी

व्हिओला दा गांबा हे नाव आईच्या तोंडी कधीच बसले नाही. इटालियन भाषेत ‘गांबा’ म्हणजे पाय, आणि हे वाद्य जमिनीवर न टेकवता दोन्ही पोटऱ्यांच्या आधाराने धरून वाजवतात, एवढे मी तिला समजावून सांगितले, तेव्हा “म्हणजे पायातली सारंगी” असे म्हणून तिने त्याचे बारसे उरकून टाकले आणि डोंबिवलीच्या आमच्या घरात तेच नाव कायम झाले. आईने उभा जन्म मुलींना गाणे शिकवण्यात घालवला आहे, त्यामुळे ही तुलना वरवरची नव्हती. सारंगीसारख्याच गांब्याला आतड्याच्या तारा, म्हणजे ताती असतात, आणि गजही सारंगीसारखाच तळवा वर करून खालून धरतात. फरक एवढाच की गांब्याला तरफा, म्हणजे मुख्य तारांखाली आपोआप झंकारणाऱ्या तारा, नसतात आणि सतारीसारखे पडदे मात्र असतात. हे पडदेही तातीचेच, मानेभोवती गुंडाळून गाठ मारलेले आणि बोटाने सरकवता येणारे असतात. गेली सात वर्षे मी नेदरलँड्समध्ये या वाद्यावर पोट भरते आहे, आणि ते कसे जमले हे विचारणारे इतके जण भेटतात की एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले.

माझी सुरुवात व्हायोलिनपासून झाली. माझे सर मूळचे गोव्याचे. हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत त्यांचे तारुण्य गेले होते, आणि उतारवयात ते माहीमच्या दोन खोल्यांत मुलांना लंडनच्या परीक्षांसाठी तयार करत असत. त्यांच्या हौशी वाद्यवृंदात चेलो वाजवायला कोणी नव्हते, म्हणून चौदाव्या वर्षी त्यांनी माझ्या हाती चेलो दिला. २०१० साली, बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना, मुंबईत आलेल्या एका युरोपीय चमूच्या कार्यक्रमात मी गांबा पहिल्यांदा ऐकला. त्याचा आवाज चेलोच्या निम्मासुद्धा नव्हता. सभागृहातल्या वातानुकूलन यंत्राची घरघर त्यावर मात करत होती, आणि तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, लोक खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते. मी घरी येऊन सरांना फोन केला. ते म्हणाले, “वाद्य चांगलं आहे, पण तुला शिकवणार कोण? शिकवणारे मरून दोनशे वर्षं झाली.”

सरांचे ते वाक्य विनोदाचे असले तरी पुढच्या सगळ्या प्रवासाचा गाभा त्यात होता, हे मला फार उशिरा कळले.

चीनमध्ये बनलेला, विद्यार्थ्यांसाठीचा एक स्वस्त गांबा मी मागवला आणि युरोपातल्या एका शिक्षिकेकडे आठवड्यातून एकदा संगणकाच्या पडद्यावर शिकू लागले. पहिल्याच पावसाळ्यात वाद्याची पाठ जोडावर उकलली. हे वाद्य जुन्या पद्धतीने, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या सरसाने जोडलेले असते, आणि सरस दमट हवेत नरम पडतो. मुंबईतल्या दोन दुकानांनी “फेव्हिकॉल लावून देतो” असे सांगितले, तेव्हा मी घाबरून वाद्य पाठीवर बांधले आणि रात्रीच्या गाडीने मिरज गाठली. सतारमेकर गल्लीतल्या एका वयस्क कारागिरांनी ते उलटसुलट करून पाहिले, आतून टिचक्या मारल्या, आणि हे कोणते वाद्य आहे असा एकही प्रश्न न विचारता शेगडीवर सरसाचे भांडे ठेवले. दुपारपर्यंत पाठ पक्की झाली होती. जाताना त्यांनी खुंट्या फिरवून पाहिल्या, एक सैल आहे असे म्हणून तिला खडू लावून दिला, आणि पन्नास रुपये घेतले.

हेगच्या राजेशाही संगीत महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा मी २०१२ साली दिली. तयारी दोन रचनांची होती. एक मारँ मारे या फ्रेंच वादकाची, आणि दुसरी सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधली, एका ठरलेल्या मंद्र ओळीवर रचलेल्या विस्तारांची. मारे (१६५६–१७२८) हा या वाद्याचा सर्वांत मोठा रचनाकार. त्याने गांब्यासाठी पाच पुस्तके छापली, आणि त्यांत स्वरांच्या आजूबाजूला बारीक खुणा केल्या. स्वल्पविरामासारखी खूण म्हणजे कंपित स्वर, फुलीची खूण म्हणजे खालच्या स्वराचा झटका, नागमोडी रेघ म्हणजे बोटाचे आंदोलन. मी सगळ्या खुणा पाठ करून गेले होते, आणि शिवाय एका ठिकाणी, जिथे काहीच खूण नव्हती तिथे, मला आवडली म्हणून एक छोटी मींड घातली होती. परीक्षकांनी मला थांबवले आणि अगदी सौजन्याने विचारले, “हे कुठे लिहिले आहे?”

या प्रश्नाने मी गोंधळले, कारण आमच्या घरात विचारला जाणारा प्रश्न वेगळा होता. एखाद्या मुलीने गाण्यात नवी जागा घेतली की आई विचारी, “ही कुणाकडून घेतलीस?” उत्तरात माणसाचे नाव अपेक्षित असे, आणि नाव योग्य असेल तर जागाही योग्य ठरे. हेगमध्ये मात्र पुढची सहा वर्षे मी “कुठे लिहिले आहे?” हाच प्रश्न ऐकला, आणि उत्तरात पुस्तकाचे नाव, साल आणि शक्य असेल तर पान द्यायला शिकले. याचे कारण उद्धटपणा नाही, पुस्तकी किडेपणाही नाही. कारण असे की विचारायला माणूसच उरलेला नाही. कार्ल फ्रीडरिश आबेल हा या वाद्याचा शेवटचा नामवंत वादक १७८७ साली लंडनमध्ये वारला, आणि त्यानंतर दिवाणखान्यांची जागा मोठ्या सभागृहांनी घेतल्यावर हा हळू आवाजाचा प्राणी मागे पडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आर्नोल्ड डोलमेच यांनी जुनी वाद्ये दुरुस्त करून, नवी घडवून, जुन्या ग्रंथांच्या आधाराने ती वाजवायला सुरुवात केली. १९३३ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात जुन्या संगीतासाठी स्वतंत्र विद्यालय निघाले आणि तिथे आउगुस्ट व्हेनत्सिंगर गांबा शिकवू लागले. त्यांचे शिष्य जोर्डी साव्हाल आज जगभर माहीत आहेत. हेगमध्ये वीलांड कौकेन यांनी पिढ्या तयार केल्या. म्हणजे परंपरा आहे, पण ती नव्वद-पंचाण्णव वर्षांची, आणि तिच्या मुळाशी गुरू नसून ग्रंथ आहेत.

स्वतः मारेने मात्र विद्या माणसाकडूनच घेतली होती, आणि तीही चोरून. त्याचे गुरू सँत-कोलोंब यांनी, हा पोरगा आपल्यापुढे जाणार हे ओळखून, सहा महिन्यांत शिकवणे थांबवले. ते उन्हाळ्यात झाडावर बांधलेल्या लाकडी खोपीत बसून रियाज करत, आणि मारे खाली लपून ऐकत असे, अशी हकिगत १७३२ साली छापलेल्या एका फ्रेंच ग्रंथात आहे. ही गोष्ट मी आईला सांगितली तेव्हा तिला या सगळ्या प्रकाराबद्दल पहिल्यांदा विश्वास वाटला.

पहिल्या वर्षातली एक फजिती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सहा तारांचा गांबा खालून वर असा लावतात की पहिल्या तीन तारांत षड्ज-मध्यमाचे अंतर, मग तिसऱ्या आणि चौथ्या तारेत षड्ज-गंधाराचे, आणि पुढे पुन्हा दोनदा षड्ज-मध्यमाचे. सर्वांत खालची आणि सर्वांत वरची तार एकाच स्वराच्या, दोन सप्तकांच्या अंतराने. तंबोरा लावण्यात माझे बालपण गेले होते, त्यामुळे मला मोठ्या आत्मविश्वासाने वाटले की यात शिकण्यासारखे काही नाही. मी प्रत्येक मध्यम कानाला अगदी स्थिर होईपर्यंत लावला, आणि मधला गंधार तर तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप निघणारा तो स्वयंभू गंधार आठवून लावला. मग पहिली आणि शेवटची तार एकत्र छेडली. ती इतकी बेसूर लागली की शिक्षकांच्या चेहऱ्यावर हसू उमटले. मी पुन्हा लावले. पुन्हा तेच.

चूक माझ्या कानाची नव्हती, गणिताची होती. चार शुद्ध मध्यम आणि एक शुद्ध गंधार यांची बेरीज दोन सप्तके होत नाही, सुमारे २२ सेंट कमी पडते, म्हणजे अर्ध्या स्वराचा साधारण पाचवा हिस्सा. आपल्याकडे हिलाच प्रमाणश्रुती म्हणतात. तंबोऱ्यात हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण तिथे एकाच षड्जाभोवती सगळे उभे असते. गांब्यावर मात्र ही तूट कुठेतरी मुरवावी लागते. सोळाव्या-सतराव्या शतकातली एक पद्धत अशी की गंधार शुद्ध ठेवायचा आणि तूट चार मध्यमांत सारखी वाटून प्रत्येक मध्यम किंचित चढा लावायचा. आजच्या पियानोवर नेमके उलटे आहे. तिथे मध्यम जवळजवळ शुद्ध असतात आणि गंधार सुमारे १४ सेंटने चढा असतो, ज्याला आई “दात आंबवणारा गंधार” म्हणते. जुन्या पद्धतीने लावलेल्या हार्पसिकॉर्डसोबत, म्हणजे पियानोच्या आधीच्या पट्ट्यांच्या वाद्यासोबत, मी पहिल्यांदा वाजवले, आणि रचना संपताना शेवटच्या स्वरसमूहात तो शुद्ध गंधार उभा राहिला, तेव्हा मला परदेशात आल्यानंतर प्रथमच घरी असल्यासारखे वाटले. त्यानंतर पडदे सरकवून एकेक स्वर जागेवर आणण्याचे काम, ज्याला माझे सहाध्यायी कंटाळत, ते मी तासन्तास करत बसे.

पट्टीचेही तसेच. आज जगभर सेकंदाला ४४० कंपनांचा जो स्वर आधार मानतात, म्हणजे आपली पांढरी सहा, तो आम्ही बाख या जर्मन रचनाकाराच्या संगीतासाठी ४१५ वर, काळी चारवर, उतरवतो, आणि मारेच्या काळच्या फ्रेंच संगीतासाठी ३९२ वर, म्हणजे पांढरी पाचवर. खरे तर त्या काळी गावागावाची पट्टी वेगळी होती, आणि ४१५ हा आकडा विसाव्या शतकातल्या वादकांनी सोयीसाठी ठरवलेला आहे, कारण बरोबर अर्धा स्वर खाली असल्यामुळे हार्पसिकॉर्डची पट्टी एक घर सरकवून बदलता येते. हे कळल्यावर “अस्सल”, “मूळ स्वरूपातले” वगैरे शब्द जाहिरातींपुरते असतात याबद्दल माझी खात्री पटली. १९५०च्या सुमारास केलेली जुन्या संगीताची मुद्रणे ऐका. ती अठराव्या शतकातली वाटण्याऐवजी १९५०ची वाटतात. आमची कशी वाटतील ते पुढची पिढी सांगेल.

अभ्यासक्रमात मला सर्वांत सोपा जाईल असे वाटलेला विषय होता तत्काळ विस्ताराचा. क्रिस्टोफर सिम्प्सन या इंग्रज वादकाने १६५९ साली यावर अख्खा ग्रंथ लिहिला आहे. साथीदार मंद्रातली एक छोटी ओळ पुन:पुन्हा वाजवतो आणि वादक तिच्यावर, लेहऱ्यावर खेळावे तसा, विस्तार करत जातो. मी तानांच्या सवयीने सुटले, आणि तीन आवर्तने झाल्यावर शिक्षकांनी सांगितले की फार छान आहे, परंतु प्रत्येक मंद्र स्वराशी जुळते का याकडे तुझे लक्षच नाही, तू एकाच षड्जाकडे बघत चालली आहेस. ते बरोबर होते. ती सवय मोडायला दीड वर्ष लागले, आणि पूर्ण मोडली असे आजही म्हणवत नाही.

२०१५ साली एक गोष्ट अशी घडली की तिने आमच्या वर्गाचे नूरच बदलून टाकले. टेलेमान या जर्मन रचनाकाराने एकट्या गांब्यासाठी बारा कल्पना-रचना १७३५ साली छापल्या होत्या, आणि त्या हरवल्या होत्या. पुस्तकांत त्यांचे नाव असे, बाकी काही नाही. त्यांची छापील प्रत जर्मनीतल्या ओस्नाब्रुक येथील अभिलेखागारात, एका जुन्या वाड्यातून आलेल्या संग्रहात सापडली, आणि पुढच्या वर्षी ती नव्याने प्रकाशित झाली. आम्ही विद्यार्थ्यांनी प्रत हातात पडताच रात्रभर बसून ती वाजवून काढली. त्या रात्री जगात कोणाकडेही या रचनांची “परंपरा” नव्हती. कोणाचे ऐकून वाजवायची सोय नव्हती, चुकलो तर चुकलो असे सांगणारेही नव्हते. इतके मोकळे मला त्यापूर्वी कधी वाटले नव्हते, आणि इतके भेदरलेलेही.

वाद्याचा प्रश्न मात्र पुस्तकांनी सुटत नाही. चिनी गांबा पदवीपर्यंत पुरला, पण व्यवसायासाठी चांगले वाद्य लागते, आणि सतराव्या-अठराव्या शतकातली मूळ वाद्ये संग्रहालयांत किंवा धनवानांकडे असतात. त्यामुळे आम्ही बहुतेक जण जुन्या वाद्याची मापे घेऊन घडवलेली नवी प्रत वाजवतो. मी फ्रेंच धर्तीचा सात तारांचा गांबा मागितला. ही सातवी, सर्वांत खालची तार सँत-कोलोंब यांनीच वाढवली, असे १६८७ साली ज्याँ रूसो या त्यांच्याच शिष्याने लिहून ठेवले आहे, आणि खर्जाच्या तातीवर चांदीची तार गुंडाळण्याची पद्धत फ्रान्समध्ये आणण्याचे श्रेयही तो त्यांनाच देतो. कारागिराकडे दोन वर्षांची रांग होती. किंमत चौदा हजार युरो, तीन हप्त्यांत. पहिला हप्ता शिष्यवृत्तीतून वाचवलेला, दुसरा बाबांच्या भविष्यनिर्वाह निधीतून, आणि तिसरा एका निवृत्त डच दंतवैद्याने बिनव्याजी उसना दिलेला. त्यांच्याबद्दल पुढे येईलच. लाकूड निवडायला मी कारागिराच्या शेडमध्ये गेले तेव्हा त्याने स्प्रूसच्या फळ्या एकेक करून कानाशी धरून वाजवल्या, आणि मला मिरजेची आठवण झाली.

२०१८च्या उन्हाळ्यात शिक्षण संपले. परदेशी विद्यार्थ्याला शिक्षणानंतर काम शोधण्यासाठी इथे एक वर्षाचा परवाना मिळतो, आणि त्या वर्षात मला स्वतंत्र व्यावसायिक म्हणून उभे राहायचे होते. नोंदणी, हिशेब, विक्रीकराची तिमाही विवरणपत्रे यांत बी. कॉम. पहिल्यांदा कामाला आले. एवढेच त्याबद्दल पुरे.

या देशात गांबावादकाचा वर्षाचा धंदा तीन आठवड्यांत होतो असे म्हटले तर ती फार मोठी अतिशयोक्ती होणार नाही. बाखचे ‘मॅथ्यू पॅशन’, म्हणजे येशूच्या अखेरच्या दिवसांचे सुमारे पावणेतीन तासांचे गायन, ईस्टरच्या आधीच्या आठवड्यांत नेदरलँड्समध्ये गावोगाव होते. नार्डेन या छोट्या तटबंदीच्या गावात डच बाख मंडळ ते १९२२ पासून करत आले आहे, आणि मोठमोठे राजकारणी तिथे हजेरी लावतात. बाकी ठिकाणी हौशी गायकवृंद, भाड्याने आणलेला वाद्यवृंद आणि गच्च भरलेले चर्च. आपल्याकडे चातुर्मासात कीर्तनकाराची वही जशी भरलेली असते तशी तेव्हा आमची असते. २०१९ साली माझ्या पहिल्या हंगामात मला अकरा प्रयोग मिळाले, त्यांतले चार कोणीतरी आजारी पडल्यामुळे.

गांब्याचे काम म्हणाल तर मुख्यतः एका गीताचे. क्रूस वाहून नेण्याविषयीच्या या गीताला बाखने आधी ल्यूट हे वाद्य योजले होते, पुढे १७३६च्या सुमारास ते काढून गांबा घातला. खर्जातला गायक, साथीला मंद्र वाद्ये, आणि त्यांवर गांब्याचे अडखळत चालणारे, तीन-चार तारांवर एकदम गज टाकायचे स्वरसमूह. हे गीत दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धात येते. तोवर वादकाने वाद्यवृंदाच्या मधोमध गप्प बसायचे. माझा पहिला प्रयोग उत्तरेकडच्या एका खेड्यातल्या विटांच्या चर्चमध्ये होता. बाहेर गारा पडत होत्या, आत सातशे माणसे ओले कोट घालून बसली होती, आणि पायाशी ठेवलेल्या छोट्या विजेच्या शेगडीचा झोत नेमका माझ्या वाद्यावर येत होता. तातीला दमटपणा आणि उष्मा दोन्ही सहन होत नाहीत. मध्यंतरानंतर मी बोटाने हलकेच छेडून पाहिले तर वरची तार चढली होती, चौथी उतरली होती, आणि माझा लाडका गंधार कुठल्या कुठे गेला होता.

अशा वेळी काय करायचे हे कुठल्याही ग्रंथात लिहिलेले नाही. ते मला एका ज्येष्ठ वादिकेने जेवणाच्या टेबलावर सांगितले होते. जमाव जिथे ओरडतो, “त्याला क्रुसावर चढवा” असे दोन्ही गायकवृंद गरजतात, तिथे वाद्य कानाशी घेऊन तारा लावून घ्यायच्या. ती गर्जना दोनदा येते. पहिल्या खेपेला वरच्या दोन तारा, दुसऱ्या खेपेला बाकीच्या. मी तसेच केले. येशूला फाशी द्या असे सगळे गाव ओरडत असताना मी खाली मान घालून खुंट्या पिळत होते. मग एक शांत सामूहिक स्तोत्र झाले, कथेकऱ्याच्या चार ओळी, दोन बासऱ्यांसोबतचा एक छोटा प्रवेश, आणि गीत सुरू झाले. तिसऱ्या मात्रेला सातवी तार थोडी उतरलेली लागली, ती मी नंतर टाळत गेले. बाकीचे जमले. परतीच्या गाडीत संचालकांनी फक्त “पुढच्या वर्षी तारीख राखून ठेव” एवढेच सांगितले, आणि या धंद्यात याहून मोठी शाबासकी नसते.

पुढच्या वर्षीची ती तारीख मात्र आलीच नाही. १२ मार्च २०२० रोजी शंभराहून जास्त माणसांच्या सगळ्या कार्यक्रमांवर बंदी आली आणि एका दुपारीत माझे चौदा प्रयोग गेले. काही आयोजकांनी अर्धे मानधन न मागता पाठवले. एका आयोजकाने, ज्याच्याकडे आधीच्या शरद ऋतूतले माझे पैसे सात महिने थकले होते, बंदीचे निमित्त करून तेही कापले. त्या वर्षी मी एका बेकरीत पहाटेची पाळी केली. बोटे पिठाने कोरडी पडत आणि तातीवर घसरत, याखेरीज त्या कामाबद्दल माझी तक्रार नाही.

मला तगवले ते हौशी शिष्यांनी. गुरुवारी संध्याकाळी पाच जणांचा एक गट जमतो. ते दंतवैद्य, दोन निवृत्त अभियंते, एक ग्रंथपाल आणि एक शेतकरीण. लहान, मध्यम आणि मोठे गांबे घेऊन ते इंग्रजी चमूसंगीत वाजवतात. परसेल या इंग्रज रचनाकाराने १६८० साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, हा प्रकार जुना होऊन मोडीत निघत असताना लिहिलेल्या रचना त्यांच्या विशेष आवडीच्या. या संगीताला श्रोता लागत नाही, ते वाजवणाऱ्यांसाठीच आहे. बंदीच्या काळात ते माझ्याकडे एकेक करून यायचे, आपापला भाग माझ्याबरोबर वाजवायचे, आणि पूर्ण शिकवणीचे पैसे टेबलावर ठेवून जायचे. मी शिकवते ते त्यांना किती येते हा वेगळा प्रश्न. शेतकरीण बाईंचा गज गेली पाच वर्षे उलटाच चालतो आहे. गांब्यावर जोराचा आघात गज पुढे ढकलताना येतो, व्हायोलिनच्या बरोबर उलट, आणि त्या लहानपणी व्हायोलिन शिकल्या होत्या.

कार्यक्रमानंतर कोणी ना कोणी विचारतेच, “तुम्ही भारतीय, मग सतार का नाही?” पूर्वी राग येई. आता मी सांगते की आबेलनंतर हे वाद्य इथल्या लोकांनाही तितकेच परके झाले होते, त्यांनाही ते पुस्तकांतूनच शिकावे लागले, तेव्हा आम्ही एकाच रांगेत आहोत. बहुतेकांना हे पटते. एका आजोबांना पटले नाही, त्यांनी मला सतारीच्या एका कार्यक्रमाचे तिकीट आणून दिले. कार्यक्रम चांगला होता.

गेल्या डिसेंबरमध्ये मी शेजारच्या आसनाचे तिकीट काढून सात तारांचा गांबा प्रथमच भारतात नेला. आईने तो तास-दीड तास मांडीजवळ घेऊन नुसता छेडला. मग मी मिरजेला गेले. ते कारागीर आता काम करत नाहीत, नजर अधू झाली आहे, पण दुकानात बसतात. मुलाने वाद्य त्यांच्या हाती दिले. त्यांनी बोटांनी सरसाचे जोड चाचपले, मानेवरून हात फिरवला आणि म्हणाले, “चौथा पडदा ढिला आहे, आवाज बसका येत असणार.” तसा तो येत होता. माझ्या पिशवीतून त्यांनी तातीचा तुकडा मागून घेतला, दोन वेढे दिले, आणि सतारीच्या पडद्याला दोरा बांधतात तशी, मी कधी न पाहिलेली एक गाठ न बघता मारली. जास्तीची तात उदबत्तीने जाळून टोक पक्के केले.

मार्चमध्ये तालमीच्या मध्यंतरात शेजारच्या गांबावादकाने ती गाठ पाहिली. ग्रंथांत दिलेल्या गाठींपैकी ती कोणतीच नव्हती. त्याने वाकून, चष्मा वर करून, ती नीट न्याहाळली आणि विचारले, “ही कुठे लिहिली आहे?” मी त्याला मिरज हे गाव नकाशावर दाखवले. त्याने वहीत गाठीचे चित्र काढून घेतले. चौथा पडदा हंगामभर तसूभरही हलला नाही. पाचव्याची गाठ माझी स्वतःची होती, ग्रंथातली, आणि ती दोनदा सरकली.